माळरानावरचा बॉयलर

आबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, निसर्गोपचाराला न्यायचं ठरलं तेव्हा त्यांना नक्की काय झालंय हे कुणालाच सांगता येत नव्हतं. भुसावळला राहून त्यांनी तीस-बत्तीस वर्षं रेल्वेची वाफेची इंजिनं चालवली. निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडून ते जळगावला आमच्याकडे आले आणि दोन-चार महिन्यांत गप्प झाले. सासूबाई आधीच गेल्या होत्या. जेवण कमी झालं, झोप उडाली, पोटात गुबारा धरतो म्हणायचे. दिवसभर स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची टाकून कुकरकडे बघत बसायचे. शिट्टीच्या थोडं आधी "आता होईल" म्हणायचे आणि ती व्हायची. दिवसाचं बोलणं एवढंच. दोन डॉक्टर झाले, एक्स-रे झाले, काही निघालं नाही.

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. कानाला आठ-आठ तास हेडफोन, त्यामुळे असेल किंवा आणखी कशामुळे, मला अर्धशिशीने धरलं होतं. ऐंशीच्या दशकाचा उत्तरार्ध होता तो. धुळ्याच्या अलीकडे एका माळावर एक निसर्गोपचार केंद्र निघालंय, तिथं औषधाशिवाय सगळं बरं होतं, असं नवऱ्याला बँकेत कुणीतरी सांगितलं. त्याला स्वतःला रजा नव्हती. तो म्हणाला, "तू जा आबांना घेऊन. तुझं डोकंही होईल आणि त्यांचं पोटही." जणू एका फेरीत दोन पिशव्या.

केंद्राकडून पोस्टकार्ड आलं. सोबत काय आणावं त्याची यादी होती: दोन सुती पंचे, एक तांब्या, आणि जळगाव जिल्ह्यातून येणाऱ्यांनी केळीची ताजी पानं, पंचवीस. आबांनी असोद्याच्या नात्यातल्या एका मळ्यातून पानं आणवली, ओल्या गोणपाटात गुंडाळली आणि आम्ही धुळ्याच्या एसटीत चढलो. कंडक्टरने गाठोड्याला हात लावून विचारलं, "लग्न आहे का कुठं?"

"नाही," आबा म्हणाले. "आम्हालाच गुंडाळणार आहेत."

कंडक्टरने आमच्याकडे एकदा पाहिलं आणि पुढे गेला. पारोळ्यापर्यंत तो पुन्हा आमच्या बाजूला आला नाही.

हमरस्त्यावर उतरून तीन किलोमीटर आत चालायचं होतं. एप्रिल होता. चार बाभळी, दूरवर एक धनगरवाडा, बाकी नुसता मुरूम आणि वर तापलेलं आभाळ. त्यात पांढरा चुना दिलेल्या सहा खोल्या, एक पत्र्याची शेड आणि फाटकावर पाटी. केंद्र चालवणारे गृहस्थ अनवाणी आमच्या स्वागताला आले. त्यांना सगळे वैद्यजी म्हणत. पूर्वी ते शाळेत चित्रकला शिकवायचे. दम्याने नोकरी सोडावी लागली, मग कुठेतरी मातीच्या लेपाने दमा बरा झाला, आणि त्यांनी आयुष्य मातीला वाहून टाकलं. भिंतीवर त्यांनी रंगीत खडूंनी माणसाचं आतडं काढलं होतं. इतकं सुंदर आतडं मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

त्यांनी आमची जीभ पाहिली, टाचा पाहिल्या. आबांना म्हणाले, "अंगात उष्णता साठली आहे." मला म्हणाले, "तुमच्याही."

"मग उपाय?" मी विचारलं.

"उष्णता," ते म्हणाले. "बाहेरून दिली की आतली निघून जाते."

आमची घड्याळं त्यांनी एका डब्यात ठेवून घेतली. घड्याळामुळे पित्त वाढतं असं त्यांचं मत होतं. आबांनी मनगटावरचं घड्याळ काढून दिलं आणि कितीतरी वेळ त्या जागी उरलेल्या गोऱ्या पट्ट्याकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशीपासून उपचार सुरू झाले. पहाटे पोटावर आणि डोळ्यांवर काळ्या मातीचा लेप. मग एनिमा. मग उन्हात बसून प्रार्थना. आम्ही एकूण अकरा रुग्ण होतो. प्रार्थनेनंतर वैद्यजी वही उघडून शाळेत हजेरी घ्यावी तसे एकेकाला विचारत, "पोट साफ झालं?" आणि ज्याने-त्याने सर्वांसमोर उत्तर द्यायचं. मी खांद्यावर पदर घेऊन मान खाली घालून बसले होते. सासऱ्यांच्या शेजारी बसून हे ऐकायचं आणि सांगायचं म्हणजे मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. माझी पाळी आली तेव्हा मी नुसती मान हलवली. मग आबांची आली. त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा आभाळाकडे पाहिलं.

"राइट टाइम," ते म्हणाले.

वैद्यजींनी तसंच लिहून घेतलं. पुढच्या दिवशी आबा म्हणाले, "लेट." त्याच्या पुढच्या दिवशी, "सिग्नल नाही." हळूहळू इतर रुग्णही तसंच सांगायला लागले. माझी मोठी सोय झाली.

नऊच्या सुमाराला केळीच्या पानांचा उपचार असे. अंगावर ओला पंचा, त्यावरून गळ्यापासून घोट्यापर्यंत केळीची पानं, वरून सोपटाच्या, म्हणजे केळीच्या सालीच्या, दोऱ्यांनी बांधायचं आणि अंगणात बाजेवर भर उन्हात आडवं टाकायचं. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, मधे गोणपाटाचा पडदा. आम्हा बायकांना बांधायला जवळच्या खेड्यातली एक मालिशवाली बाई यायची. तिच्या गाठी बैलाच्या दाव्याच्या गाठींसारख्या पक्क्या असत. पहिल्या दिवशी मी घाबरले तेव्हा ती अहिराणीत धीर देत म्हणाली, "भ्याऊ नको, माय. बठ्ठं बरं व्हई जाई." मग माझ्या डोळ्यांवर मातीचा लेप थापून म्हणाली, "आते बोलू नको." आत आपण शिजतोय हे कळायचं. पानांचा वास यायचा, जेवणावळीच्या पंगतीसारखा, आणि रोज दुधी आणि मुगाचं पाणी पिणाऱ्या माणसाला तो वास फार छळायचा.

चौथ्या दिवशी आबांची वाफेच्या पेटीची पाळी होती. मी त्यांना शेडपर्यंत सोडायला गेले. पेटी लाकडाची होती. माणसाने आत स्टुलावर बसायचं, दार लावायचं, मान तेवढी वरच्या भोकातून बाहेर. पेटीमागे चुलीवर तेलाचं जुनं लोखंडी पिंप ठेवलेलं. खाली कपाशीच्या काड्या पेटवलेल्या. पिंपाच्या बुचातून रबरी नळी निघून पेटीत गेलेली. आधीच्या पाळीचे धुळ्याचे एक मिरचीचे व्यापारी आत बसले होते. गळ्याभोवती टॉवेल, चेहरा लालबुंद.

आबा पिंपाभोवती एक फेरी मारून आले. त्यांनी कान जवळ नेला. मग बोटाच्या पेराने पिंपावर टकटक केलं.

"हे कोणी बनवलं?" त्यांनी विचारलं.

"मीच," वैद्यजी म्हणाले.

"व्हॉल्व्ह कुठंय?"

"कसला?"

"जास्त झालेली वाफ बाहेर जायला."

"ती पेटीत जाते ना."

"आणि नळी दुमडली तर?"

वैद्यजींनी विचार केला. "आजवर दुमडली नाही."

"आत पाणी किती उरलंय?"

"सकाळी भरलं होतं."

आबांनी पिंपावरची नजर काढली नाही. शांतपणे म्हणाले, "त्या गृहस्थांना आधी बाहेर काढा."

"मी आत्ताच बसलोय," व्यापाऱ्यांची मान म्हणाली. "माझी वेळ व्हायची आहे."

"हा बॉम्ब आहे," आबा म्हणाले. "फुटला तर तुमची मान धुळ्याला पोचेल, बाकी इथंच राहील."

व्यापारी दार उघडायची वाट न पाहता बाहेर आले. आबांनी काड्या ओढून विस्तव विझवला. मग सदऱ्याच्या बाह्या दुमडल्या. त्यांना बाह्या दुमडताना मी कितीतरी महिन्यांनी पाहत होते.

बॉम्बची बातमी दुपारपर्यंत अकराही जणांना कळली. दोघांनी पिशव्या भरून दाराशी आणून ठेवल्या. वैद्यजींचा चेहरा उतरला. संध्याकाळी ते आबांच्या खोलीशी आले आणि म्हणाले, "काय करावं लागेल?" आबांनी त्यांच्याकडून खडू मागून घेतला आणि भिंतीवर, त्या आतड्याच्या शेजारी, बॉयलरचं चित्र काढलं. वैद्यजींनी ते नीट पाहिलं. "सारखंच आहे की," ते म्हणाले. त्या क्षणापासून दोघांचं जमलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही धुळ्याला गेलो. मी बरोबर गेले कारण आबांना एकट्याला पाठवायची मला भीती वाटत होती. मोहाडीकडे जाणाऱ्या रस्त्याला एका म्हाताऱ्या मिस्त्रीचं वर्कशॉप होतं. दाढी पांढरी, चष्म्याला दोरी, कापसाच्या जिनिंगची यंत्रं दुरुस्त करण्यात हयात गेलेली. आबांनी आपली ओळख देऊन त्याला काय हवं ते सांगितलं: जाड पत्र्याची टाकी, पाणी दिसायला काचेची नळी, दाबाचं घड्याळ, व्हॉल्व्ह.

"कौनसा इंजन, ड्रायव्हरसाब?" मिस्त्रीने विचारलं.

"इंजिन नाही. पेटी आहे. माणूस आत बसतो."

"बसून कुठं जातो?"

"कुठंच जात नाही."

"मग वाफ कशाला?"

"बरं वाटतं म्हणतात."

मिस्त्रीने हातातलं काम बाजूला ठेवलं. दोघं अंगणातल्या भंगारात शिरले आणि दोन तास बाहेर आले नाहीत. मधे चहा आला. चहा आम्हाला वर्ज्य होता. आबांनी कप घेतला, बशीत ओतला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तूही घे. कामावर असताना चालतो." आल्याचा चहा होता. त्या दिवशी माझं डोकं दुखलं नाही, हे मी वैद्यजींना सांगितलं नाही.

निघताना मिस्त्रीने एका बंद पडलेल्या जिनिंगची पितळी शिट्टी आबांच्या हातात ठेवली. "इसके बिना अच्छा नहीं लगेगा," तो म्हणाला. आबांनी ती पंच्यात गुंडाळून मांडीवर घेतली आणि फाटकापर्यंत तशीच आणली.

पुढचे दोन दिवस मिस्त्री सायकलवर येत होता. टाकी बसली, काच बसली, दाबाचं घड्याळ बसलं, व्हॉल्व्ह बसला आणि वर साखळीसकट शिट्टी बसली. आबांनी आपलं मनगटी घड्याळही डब्यातून परत मागून घेतलं. वैद्यजी म्हणाले, "पित्त होईल." आबा म्हणाले, "वेळेशिवाय वाफ होत नाही." घड्याळ परत मिळालं. आबा आता दोन भाकरींइतका दुधी खात होते, दुपारी पडल्या-पडल्या घोरत होते आणि हजेरीला रोज राइट टाइम होते. मिरचीचे व्यापारी लांबूनच सगळं बघत. आबा चार वेळा त्यांना सांगून आले की आता धोका नाही. ते मान डोलवत आणि आणखी दोन पावलं मागे सरकत.

वैद्यजींना या नव्या वाफेचं उद्घाटन करायचं होतं. आठव्या दिवशी त्यांनी तालुक्याच्या एका माजी सभापतींना बोलावलं. गृहस्थ चांगले आडदांड होते, गुडघे दुखायचे त्यांचे. नऊ वाजता आले, हार घातला, नारळ फुटला, आणि धोतर सोडून पंचा नेसून ते पेटीत बसले. आबांनी दार लावून बाहेरून अडसर घातला, कारण वाफ जाता कामा नये. त्यांच्या डोक्यावर ओला रुमाल घातला. हार काढायचा राहिला होता, तो मानेभोवती तसाच होता.

आम्ही बाकीचे नेहमीप्रमाणे अंगणात, पानांत बांधलेले, डोळ्यांवर लेप. माझी बाज शेडच्या बाजूला अगदी शेवटची होती. त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं.

"सुरू करा," वैद्यजी म्हणाले.

आबांनी ती शिट्टी तोवर एकदाही वाजवून पाहिली नव्हती. गाडी सुटायची वेळ झाल्याशिवाय शिट्टी वाजवायची नसते, असं ते म्हणायचे. त्यांनी साखळी ओढली.

जिनिंगची शिट्टी चार गावांतल्या मजुरांना उठवण्यासाठी केलेली असते. ती माझ्यापासून दहा-बारा पावलांवर वाजली. बाज हलली. पडद्यापलीकडून मिरचीच्या व्यापाऱ्यांचा आवाज आला, "फुटलं." आणि मग माझ्या आजूबाजूला पानं फाटल्याचा, बाजा उलटल्याचा, पायांचा आवाज. मी मान झटकून डोळ्यांवरचा लेप पाडला. नऊ हिरवी माणसं माळावर पळत होती. ज्यांचे पाय सुटले होते ती धावत होती, ज्यांचे सुटले नव्हते ती दोन्ही पायांवर उड्या मारत जात होती. सगळ्यांच्या तोंडाला काळी माती. पाठोपाठ वैद्यजी दोन्ही हात वर करून "थांबा, थांबा" म्हणत पळत होते. मालिशवाली बाई सगळ्यांच्या पुढे होती.

मी उठायला गेले आणि तिच्या गाठी उमगल्या. बोटसुद्धा हलत नव्हतं.

धनगरवाड्यातल्या शेळ्या रोज केंद्राच्या कुंपणाबाहेर चरायच्या. चरायच्या म्हणजे काय, मुरूम हुंगत हिंडायच्या. उघड्या फाटकातून त्या आत आल्या. साऱ्या माळावर जी हिरवी गोष्ट उरली होती ती मी होते. पहिली शेळी पायांकडून सुरू झाली.

लग्नाला सात वर्षं झाली होती, पण आबांना मी कधी मोठ्याने हाक मारली नव्हती. त्या दिवशी मारली.

"सूनबाई, हलू नकोस," शेडमधून आबांचा आवाज आला. "मला इथून हलता येत नाही. दाब चढलाय."

"अहो, जा तिकडं," सभापती म्हणाले. मला त्यांची नुसती मान आणि हार दिसत होता. "मी बसतो की. मी कुठं जाणार?"

"तुम्ही आत असताना बॉयलर सोडायचा नसतो."

"त्या बाईला शेळ्या खातायत."

"दिसतंय मला," आबा म्हणाले. आणि त्यांनी पुन्हा साखळी ओढली.

शेळ्या चौखूर उधळल्या. पण बाभळींशी पोचून जरा दम खायला थांबलेली हिरवी माणसंही उधळली, आणि हमरस्त्याच्या दिशेने दिसेनाशी झाली. एक म्हातारी शेळी तेवढी राहिली. तिला बहुधा ऐकू येत नसावं. ती शांतपणे माझ्या खांद्यापर्यंत येऊन पोचली. तिचा उष्ण श्वास माझ्या गालाला लागत होता आणि मी तिच्याशी बोलू लागले. काय बोलले ते आठवत नाही. बहुधा एक्स्चेंजमध्ये गिऱ्हाइकांशी बोलायचे तसंच, लाइन व्यस्त आहे, थोडं थांबा.

"किती वेळ आहे अजून?" सभापतींनी विचारलं.

"अकरा मिनिटं."

"बरं," ते म्हणाले. काही वेळाने म्हणाले, "सभापती असताना मला कुणी एका जागी पाच मिनिटं बसू दिलं नाही हो." पुढे त्या बाजूने घोरण्याचा आवाज आला.

आबांनी पूर्ण अकरा मिनिटं घेतली. विस्तव ओढला, वाफ सोडली, काच पाहिली, मग दार उघडून सभापतींना हात देऊन बाहेर काढलं. त्यानंतर माझ्याकडे आले. येताना खोलीतली चादर घेऊन आले होते. शेळीला हाकललं, मान पूर्ण दुसरीकडे वळवून चादर माझ्यावर टाकली आणि न बघता, नुसत्या हाताने चाचपत एकेक गाठ सोडली. इंजिनवर अंधारात नट सोडायची सवय असलेले हात होते ते.

"कुठं चावली तर नाही ना?" त्यांनी भिंतीकडे बघत विचारलं.

"नाही. पानंच खाल्ली."

ते बाजेच्या पायाशी जमिनीवर बसले. त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. मग आवाज आला आणि कळलं की ते हसतायत. मला हसू आवरेना. तोंडावरची माती तडकून डोळ्यांत गेली, तरी आम्ही दोघं हसत राहिलो. सभापती हार नीट करत आमच्याकडे बघत उभे होते.

रुग्ण दुपारपर्यंत एकेक करून परतले. दोघांना धुळ्याकडे जाणाऱ्या एका एसटीच्या ड्रायव्हरने रस्त्यावरून उचलून फाटकाशी आणून सोडलं. बसमधले लोक खिडक्यांतून बघत होते. मिरचीचे व्यापारी काही आले नाहीत. ते तसेच घरी गेले असावेत, कारण त्यांची पिशवी न्यायला तिसऱ्या दिवशी त्यांची मुलगी आली. तिने सांगितलं की पंधरा वर्षांचं त्यांचं कंबरेचं दुखणं पळून थांबलं आहे आणि वैद्यजींना नमस्कार सांगितला आहे. वैद्यजींनी ते वहीत लिहून घेतलं.

दहाव्या दिवशी नवरा आम्हाला न्यायला आला. तोपर्यंत सभापतींनी गावोगाव सांगून ठेवलं होतं आणि फाटकाशी दोन बैलगाड्या आणि एक जीप उभी होती. आबा शेडमध्ये होते. बाह्या दुमडलेल्या, कपाळाला काळं. नवरा त्यांच्याकडे बघतच राहिला.

"आबा, चला. सामान भरलं का?"

"मला कसं येता येईल?" आबा म्हणाले. "सहा जण बसायचे आहेत अजून."

"उद्या?"

"उद्या आठ आहेत."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं की त्यांना राहू दे. परतीच्या बसमध्ये पारोळ्याला तो म्हणाला, "लोकांना काय सांगायचं? वडिलांना माळावर ठेवून आलो म्हणून?"

दीड वर्ष आबा तिथं राहिले. दिवाळीला दोन दिवस येत आणि तिसऱ्या दिवशी घाईने परत जात. धुळ्याचा मिस्त्री दर महिन्याला त्यांच्याकडे जाई आणि दोघं टाकीची झडती घेत. माझी अर्धशिशी काही गेली नाही. पुढे चष्मा लागला तेव्हा थोडी कमी झाली. आबा घरी दिसत नाहीत असं गल्लीत कुणी विचारलं की नवरा पहिले काही महिने काहीतरी पुटपुटायचा. मग एकदा मी आतून ऐकलं, तो शेजारच्या नानांना अगदी सरळ आवाजात सांगत होता, "नाही हो, निवृत्त कुठले? ते धुळ्याकडे ड्यूटीवर आहेत."